निकाली, निकामी आणि ती लाल रेघ

चैत्र लागला की गावोगावच्या जत्रांची पत्रकं माझ्या टेबलावर येऊन पडतात. पालखी, महाप्रसाद, भजन आणि सगळ्यात शेवटी ठरलेलं ‘निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान’. चार वर्षांपूर्वी अशाच एका पत्रकात मी ‘निकामी कुस्त्यांचे जंगी मैदान’ असं टाइप केलं. रात्रीचे दहा वाजून गेले होते, मध्येच लाइट जाऊन आली होती, डोळे चुरचुरत होते. सगळा मजकूर वर्डमधून तपासून घेतला. एकाही शब्दाखाली लाल रेघ नाही. खुशाल प्रूफ काढून ठेवलं आणि घरी गेले. सकाळी वस्ताद आले, कपाळावरचा चष्मा खाली ओढला, कागद लांब धरून वाचला आणि म्हणाले, “ताई, मैदानात उतरायच्या आधीच आमच्या पैलवानास्नी निकामी करून टाकलासा की!”

बिचाऱ्या वर्डला बोल लावून उपयोग नव्हता. ‘निकामी’ हा मराठीतला धडधाकट शब्द आहे. यादीत आहे, म्हणून त्यानं सोडून दिला. कुस्ती निकामी असते की निकाली, हे त्याला कुणी सांगितलं होतं?

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर टाइप करून छपाईसाठी मांडून द्यायचं, छोटं दुकान आहे. त्याआधी लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात मी प्रूफं तपासायची. तिथं आम्ही दोघी होतो. एकीनं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं प्रूफावर पेन्सिल फिरवायची. आता ती दुसरी गेली आणि तिच्या जागी एफ-७ ची, म्हणजे स्पेलचेकची, कळ आली. विद्यापीठातली पीएच.डी.ची मुलं, बचतगटाच्या बायका, तालमींचे कार्यकर्ते, सगळे एकच विचारतात, “ताई, ते मराठीचं स्पेलचेक कसं चालू करायचं?” प्रत्येकाला तोंडी सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढतेय.

आधी बघा, मशीनला तुमचा मजकूर मराठी दिसतो का

निम्म्या लोकांची गाडी इथंच अडते. श्रीलिपी, शिवाजी किंवा त्या काळातल्या इतर फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आपल्याला मराठी दिसतो, पण मशीनच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. फॉन्टनं त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवलेला असतो इतकंच. अशा मजकुरावर कुठलंही स्पेलचेक चालत नाही, कितीही चांगलं असलं तरी.

ओळखायचं कसं? एक परिच्छेद निवडा आणि फॉन्ट बदलून ‘मंगल’ किंवा ‘निर्मला’ करा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड आहे, म्हणजे मशीनही त्याला मराठी अक्षरं म्हणूनच ओळखतं, पुढं चला. इंग्रजी अक्षरांचा चिवडा झाला तर जुना फॉन्ट आहे. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्यावं लागेल.

एका निवृत्त गुरुजींनी दोनशे पानांच्या आठवणी जुन्या फॉन्टमध्ये आणल्या होत्या. मी फाइल उघडली, तर वर्डनं थोडा वेळ रेघा ओढल्या आणि मग पाटी लावली, की या फाइलमध्ये चुका इतक्या आहेत की यापुढं दाखवता येत नाहीत. गुरुजी शेजारीच बसले होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तांबड्या केलेल्या माणसाचा चेहरा काय झाला असेल, कल्पना करा. त्यांना समजावून सांगायला मला दोन कप चहा लागले.

कन्व्हर्टरमधून बाहेर पडलेला मजकूरही लगेच धुतल्या तांदळासारखा होत नाही. त्यात काही दुखणी हमखास राहतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून जास्त त्रास देतात. ‘ओळख’ मधला ‘ओ’ एका अक्षराचा असायला हवा. तो कित्येकदा ‘आ’ वर वेगळी मात्रा चढवून केलेला असतो. दिसायला जवळपास तसाच, पण मशीनच्या यादीत असा शब्द नाही, म्हणून लाल रेघ. ‘ऐ’ चं तेच. ‘दुःख’ मध्ये विसर्गाऐवजी कोलन बसलेला असतो. माणूस तो विसर्ग म्हणूनच वाचतो, मशीन मात्र ‘दु’ आणि ‘ख’ असे दोन तुकडे करतं.

‘दुसऱ्या’, ‘सुट्ट्या’, ‘कोपऱ्यात’ या शब्दांपैकी पहिल्या आणि तिसऱ्यात जो चंद्रकोरीसारखा अर्धा र आहे, तो तर मोठा लबाड. तो दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक, खाली टिंब असलेल्या ऱ ला हलंत, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह, जोडून. दोन, साध्या र ला हलंत आणि त्यापुढं न दिसणारं एक जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही डिट्टो सारखे. पण यादीत एकच रूप असेल, तर दुसऱ्याखाली रेघ येते आणि तुम्ही तासभर ‘दुसऱ्या’ कडे बघत बसता, की यात चुकलं काय? शोधायला गेलात तरी निम्मे सापडतात, निम्मे नाही. मी इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरते. त्यात शिफ्ट धरून जे दाबलं की टिंबवाला ऱ येतो, मग डी ची कळ म्हणजे हलंत, मग य. कायम हीच पद्धत. तुमची कुठलीही असू द्या, फाइलभर एकच ठेवा.

‘ॲ’ ची कथाही अशीच. ‘ॲप’, ‘ॲडमिशन’ यातलं अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आलं. त्याच्या आधीची माणसं ‘अ’ वर चंद्र काढून काम भागवायची किंवा हिंदीतला ‘ऍ’ वापरायची. तिन्ही रूपं आजही लोकांच्या फाइलींत गुण्यागोविंदानं नांदताना दिसतात. सगळी बदलून ‘ॲ’ करून टाका.

हे सगळं ‘शोधा आणि बदला’ ने, म्हणजे कंट्रोल आणि एच दाबून करायचं. चुकीचं रूप मजकुरातूनच कॉपी करून वरच्या चौकटीत टाका, बरोबर रूप खालच्या. हे काम स्पेलचेक लावण्याआधी उरका. दोनशेपैकी दीडशे लाल रेघा इथंच गळून पडतात.

मग भाषा सांगा

वर्डमध्ये प्रत्येक मजकुराला भाषेची अदृश्य चिठ्ठी लावलेली असते. त्या चिठ्ठीवर जी भाषा, त्या भाषेची यादी घेऊन तो तपासायला बसतो. दुसरीकडून मजकूर आणून चिकटवला की चिठ्ठीही सोबत येते. माझ्याकडं येणाऱ्या कित्येक मराठी फाइलींवर हिंदीची चिठ्ठी असते. टाइप करणाऱ्यानं हिंदी कीबोर्ड लावून मराठी बडवलेलं असतं आणि त्याला ते माहीतही नसतं.

यासाठी माझी एक साधी परीक्षा आहे. ‘आहे’ या शब्दाखाली लाल रेघ दिसली, की भाषा चुकली. मराठीच्या यादीत ‘आहे’ नाही असं होणारच नाही. आणि उलट परीक्षा: कुठंतरी ‘कखगघचछ’ असं काहीतरी वेडंविद्रं टाइप करा. त्याच्याखालीही रेघ आली नाही, तर तपासणी चालूच नाही. फाइल शुद्ध आहे म्हणून खूश होऊ नका. माझ्याकडं एक मुलगा शंभर पानांचा प्रबंध घेऊन आला होता, “एकही चूक नाही ओ ताई, बघा.” बघितलं, तर मराठी तपासणीचं सामानच त्याच्या मशीनवर नव्हतं.

ते सामान असं बसवायचं. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज. तिथं मराठी जोडा. शेजारी प्रूफिंग बसलेलं आहे की नाही ते लिहिलेलं दिसतं. नसेल तर तिथूनच उतरवून घ्यायची सोय आहे. मग वर्ड बंद करून पुन्हा उघडा. नंतर कंट्रोल आणि ए दाबून सगळा मजकूर निवडा, वरच्या रिव्ह्यू टॅबमध्ये लँग्वेज, त्यात सेट प्रूफिंग लँग्वेज, आणि यादीतून मराठी. त्याच चौकटीत खाली ‘डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर’ असं एक खूण करायचं घर असतं. ते रिकामं आहे ना, बघा. हे घर भरलेलं असेल तर वर्ड डोळे मिटून बसतो, आणि ही खूण कुणी, कधी केली याचा पत्ता लागत नाही. निम्मी ‘आमचं स्पेलचेक बिघडलंय’ ची दुखणी या एका घरात बरी होतात.

मजकुरात इंग्रजी परिच्छेद असेल, तर तेवढाच निवडून त्याला इंग्रजीची चिठ्ठी लावा. इंग्रजीतही भारत, इंग्लंड, अमेरिका वेगवेगळे आहेत. अमेरिका लावून ठेवलं, तर शाळेत शिकलेली स्पेलिंगं चूक दाखवतो.

एफ-७ दाबलं की तपासणी सुरू होते. मी मात्र आल्ट आणि एफ-७ दाबते. त्यानं एकेका रेघेवर उडी मारता येते आणि भोवतीचं वाक्य डोळ्यासमोर राहतं. वर्डच्या काही आवृत्त्यांत एफ-७ च्या पट्टीत शब्द एकटा दिसतो आणि एकट्या शब्दाबद्दल घेतलेला निर्णय चुकतो.

पैसे घालायचे नसतील तर लिबरऑफिस फुकट आहे आणि चांगलं आहे. तिथं लोक एका जागी अडखळतात. मराठी ही त्याच्या हिशोबात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ मधली भाषा. टूल्स, ऑप्शन्स, मग लँग्वेजच्या पानावर या नावाची एक ओळ असते. तिच्यापुढं खूण करून मराठी निवडायची. वरच्या पहिल्या ओळीत, जिथं इंग्रजी असतं, तिथं मराठी शोधत बसलात तर मिळणार नाही. शब्दांची यादी सोबत आलेली नसेल, तर मराठीचं डिक्शनरी एक्स्टेन्शन वेगळं उतरवून बसवा. भाषांच्या यादीत ज्या नावाशेजारी बरोबरची छोटी खूण असते, तिची तपासणी मशीनवर आहे असं समजायचं. शिफ्ट आणि एफ-७ दाबलं की टाइप करताकरता रेघा येऊ लागतात, पुन्हा दाबलं की जातात. लिहिताना मला त्या रेघा डोळ्यांसमोर नको असतात, विचार तुटतो. आधी लिहून काढते, मग चालू करते. तुमचं तुम्ही ठरवा.

फायरफॉक्समध्ये मराठी डिक्शनरी ॲड-ऑन म्हणून मिळते. बसवल्यावर लिहायच्या चौकटीत राइट क्लिक करून भाषा निवडायची. एक ध्यानात ठेवा, एरवी ते फक्त अनेक ओळींच्या चौकटी तपासतं. एका ओळीची चौकट, म्हणजे शीर्षकाची, तपासत नाही. आणि लोक वाचतात ते शीर्षकच! क्रोममध्ये ‘एनहान्स्ड’ तपासणी म्हणून एक पर्याय आहे. तो चालू केला की तुम्ही लिहिताय ते तपासायला गूगलच्या सर्व्हरकडं जातं. लग्नपत्रिकेला चालेल, वकिलाच्या नोटिशीला आणि मृत्युपत्राला मी लावत नाही.

रेघ आली, आता काय?

आता खरं काम. लाल रेघेचा अर्थ एवढाच, की ‘हा शब्द माझ्याकडं नाही’. मराठीत हे सारखं घडतं, कारण आपला शब्द घरात एकटा बसत नाही. ‘घर’ चं घराला, घरात, घरातून, घरासमोर, घरासमोरच्या, घरासमोरच्यांनासुद्धा. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स यांच्या पोटात हनस्पेल नावाचं एक इंजिन आहे. मुळात ते हंगेरियन भाषेसाठी बांधलं, कारण तिच्यातही आपल्यासारखीच शेपटाला शेपूट लागते. त्यात एका फाइलमध्ये मूळ शब्द असतात आणि दुसरीत त्यांना कुठली शेपटं कशी लावायची त्याचे नियम. नियम जिथं पुरे पडत नाहीत, तिथं बरोबर शब्दाखालीही रेघ येते. म्हणून रेघ दिसली की घाबरून शब्द बदलायचा नाही. आधी स्वतःला विचारायचं, माझा शब्द चुकलाय की याला माहीत नाही?

त्यासाठी थोडं व्याकरण पदरी हवं. शासनानं १९६२ साली मान्य केलेले चौदा नियम आणि १९७२ साली वाढवलेले चार, असे अठरा. आमचं शिवाजी विद्यापीठही १९६२ चंच, पण नियम पाठ असलेला विद्यार्थी मला तिथून अजून आलेला नाही. सगळे अठरा पाठ करा असं म्हणत नाही. पण एक तरी हाताशी ठेवा, कारण अर्ध्या रेघा त्याच्याच असतात. आणि तो आपल्या भागात राहून शिकायला फार सोपा आहे.

मराठी शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त असेल, तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ: गूळ, ऊस, पूल, विहीर, तालीम. त्याच शब्दाला प्रत्यय लागून रूप बदललं, की तो ह्रस्व होतो किंवा गळतो: गुळाची ढेप, उसाचा फड, पुलावर पाणी, विहिरीत, तालमीत. ‘गुळ’ असं लिहिलं की रेघ येईल, ती योग्य आहे. ‘गूळाचा’ लिहिलं तरी येईल, तीही योग्य. लोक गोंधळतात ते इथं. “आत्ताच तर ताई तुम्ही गूळ दीर्घ म्हणालासा!” हो, पण ढेप फोडल्यावर ह्रस्व. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र या नियमातून सुटतात. ‘गुण’ हा गुणच राहतो, त्याला कुणी ‘गूण’ करत नाही.

गावाच्या नावातलं ‘पूर’ दीर्घ, हा नियमच आहे. म्हणून कोल्हापूर, कोल्हापूरचा, कोल्हापूरला. पण कोल्हापुरात, कोल्हापुरातून, कोल्हापुरी. दुकानांच्या पाट्या वाचत महाद्वार रोडवरून चाललात, तर ‘कोल्हापुर’ किती वेळा भेटतं ते मोजा. मी मोजायचं सोडून दिलंय, चप्पल घ्यायला जाते आणि पाट्या वाचत घरी येते, असं व्हायला लागलं होतं.

सामासिक शब्दांचंही लक्षात असू द्या. ‘कवी’ एकटा असताना दीर्घ, पण ‘कविसंमेलन’ मध्ये ह्रस्व. ‘बुद्धी’ दीर्घ, ‘बुद्धिबळ’ ह्रस्व. असे जोडशब्द यादीत नसतील तर मशीन रेघ ओढतं, आणि तुम्ही तोडून ‘कवी संमेलन’ केलंत की रेघ नाहीशी होते. रेघ गेली म्हणजे सुटलो असं वाटतं, आणि मजकूर आधीपेक्षा बिघडलेला असतो.

राइट क्लिक केलं की सुचवलेले शब्द येतात. ते अक्षरांच्या जवळिकीवरून येतात, अर्थावरून नाही. पहिलाच बरोबर असेल असं धरू नका. आणि ‘चेंज ऑल’ म्हणजे सगळीकडं बदला, या बटणापासून चार हात लांब. एका मंडळाच्या अहवालात वर्गणीदारांची यादी होती, सात पानांची. ‘पोवार’ खाली रेघ आली, वर्डनं ‘पवार’ सुचवलं, माझ्याकडं तेव्हा शिकायला असलेल्या पोरीनं चेंज ऑल दाबलं. कोल्हापुरात पोवारांना पवार करणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पोरगी इथली नव्हती, तिला काय माहीत! पानं छापून झाली होती. मंडळाचे खजिनदार स्वतःच पोवार. तो खर्च मी भरला.

म्हणून नावं आधी शिकवायची. आडनावं, तालमींची नावं, गावं: वडणगे, शिये, गडमुडशिंगी, हुपरी, कसबा बावडा. राइट क्लिक, ‘ॲड टू डिक्शनरी’. पुन्हा त्या शब्दाखाली रेघ येणार नाही. मराठीत अडचण एवढीच की ‘हुपरी’ शिकवलं तरी ‘हुपरीच्या’, ‘हुपरीत’ नव्यानं अडतात. जी रूपं वारंवार लागतात ती एकेक करून घाला, बाकीच्यांना ‘इग्नोर’. जोतिबाला ‘ज्योतिबा’ करायचा आग्रह मशीन धरतं, तसा आग्रह धरणारी माणसंही भेटतात. डोंगरावरचा देव जोतिबाच आहे, शिकवून मोकळे व्हा.

पण शिकवताना घाई नको. मी एकदा असंच भराभर ॲड करत सुटले आणि ‘पारितोषीक’ ही घातलं, षी दीर्घ. बरोबर ‘पारितोषिक’. त्यानंतर कित्येक महिने बक्षीस समारंभांच्या पत्रिकांमधून ते ‘पारितोषीक’ माझ्या डोळ्यांदेखत निघून गेलं. मशीनला मीच सांगितलं होतं ना, हा आपल्या घरातला आहे म्हणून! एका शाळेच्या बाईंनी फोन करून सांगितलं तेव्हा कळलं. असं झालं तर फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, त्यात कस्टम डिक्शनरीज, आणि ‘एडिट वर्ड लिस्ट’. तिथं तुम्ही घातलेले सगळे शब्द ओळीनं दिसतात, चुकलेला काढून टाका. मी दर दिवाळीआधी फराळाची यादी करते तशी ही यादीही एकदा नजरेखालून घालते. मशीन बदलताना या यादीची प्रत सोबत न्यायला विसरू नका, वर्षांची कमाई असते ती.

जिथं रेघ येतच नाही

‘निकामी’ सारख्या चुका. माझ्या वहीत मागच्या पानावर अशा शब्दांची यादी आहे. ‘आहेर आणू नये’ चं ‘आहार आणू नये’ झालेली पत्रिका (ती पाहुण्यांनी पकडली, आणि वऱ्हाडातला एक जण म्हणाला, बरं झालं सांगितलंत, डबा घरीच ठेवला). ‘पीक’ म्हणजे शेतातलं, ‘पिक’ म्हणजे कोकिळ. ‘शीर’ रक्ताची, ‘शिर’ धडावरचं. ‘सूर’ गळ्यातला, ‘सुर’ म्हणजे देव. ‘दिन’ दिवस, ‘दीन’ गरीब. ‘महाराष्ट्र दीन’ असं छापून आलं तरी मशीन गप्प बसू शकतं. माणसानं बसायचं नाही.

यापेक्षाही जास्त वेळा होणारी आणि जवळजवळ कधीच न सापडणारी चूक म्हणजे तोडलेले शब्द. ‘आईसाठी’ हा एक शब्द. ‘आई साठी’ असा तोडला, की मशीनला दोन शब्द दिसतात आणि दोन्ही बरोबर. ‘साठी’ म्हणजे साठाव्या वर्षाची साठीही आहे ना! ‘त्यामुळे’ तोडून ‘त्या मुळे’ केलं, तर मुळे म्हणजे झाडाची. फोनवर बोटानं टाइप करणाऱ्यांच्या मजकुरात हे तोडकाम फार. फोन प्रत्येक सूचनेनंतर आपणहून जागा सोडतो, म्हणून.

याला स्पेलचेक नाही, पण ‘शोधा’ आहे. कंट्रोल आणि एफ दाबा, आधी एक मोकळी जागा टाइप करा आणि लगेच पुढं ‘साठी’. ज्या ज्या ठिकाणी सापडेल तिथं थांबून बघा. खरंच कुणाची साठी असेल तर सोडा, नाहीतर जोडा. मग तसंच मुळे, पेक्षा, बद्दल, समोर, जवळ, पर्यंत, शिवाय, आणि सुटे पडलेले च्या, ला, ने, त. ‘समोर’, ‘जवळ’ स्वतंत्रपणेही येतात, तेव्हा डोळे झाकून बदलू नका. शंभर पानांना मला पाऊण तास लागतो. तेवढ्यात शेवटी दोन मोकळ्या जागा टाइप करून त्या एका जागेत बदलून टाकते, की दुहेरी अंतरं गेली.

आणखी एक आमच्या भागातली गंमत. इथल्या बायका बोलताना ‘मी जातो’, ‘मी येतो’ म्हणतात. माझी आई आयुष्यभर तशीच बोलली. बचतगटाच्या अहवालात एका बाईंनी लिहिलं होतं, ‘मी रोज शंभर चपात्या लाटतो’. मशीनला यात काहीच वावगं दिसलं नाही, ‘लाटतो’ शुद्धच आहे. अहवाल बँकेला जाणार होता, तिथं मी ‘लाटते’ केलं. पण त्याच बाईंची मुलाखत एका स्मरणिकेत होती, तिथं ‘लाटतो’ च ठेवलं. हा निर्णय कुठलंही बटण घेणार नाही. तुम्हीच घ्यायचा, आणि घेतला की फाइलभर पाळायचा.

शेवटी कान

छापखान्यातली मोठ्यानं वाचणारी सोबतीण परत मिळत नाही, पण तिची एक धाकटी बहीण मिळाली आहे. एज ब्राउझरमध्ये वाचून दाखवायची सोय आहे आणि तिच्यात मराठी आवाज आहेत, बाईचा आरोही, पुरुषाचा मनोहर. इंटरनेट लागतं. मजकुराची पीडीएफ एजमध्ये उघडा, कंट्रोल, शिफ्ट आणि यू एकदम दाबा, आवाज निवडा, वेग थोडा कमी करा. हातात छापील प्रूफ आणि पेन्सिल घेऊन ऐका. डोळा ओळखीचा मजकूर वाचताना पुढं पळतो, जे असायला हवं ते वाचतो. आवाजाला तसलं काही जमत नाही, कागदावर आहे तेच बोलतो. ‘निकामी कुस्त्यांचे जंगी मैदान’ हे आरोहीच्या शांत, शहरी आवाजात ऐकलं असतं, तर मी त्याच रात्री खुर्चीतून उठले असते.

ती ह्रस्व-दीर्घ नीट सांगू शकत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच. म्हणून आधी रेघ, मग ‘शोधा’, मग कान, या क्रमानं जाते. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्रिका लावायची असली तरी मजकूर आधी वर्डमध्ये तपासून घेते, मग तिकडं नेते. एकदा डिझाइनमध्ये बसला की तो मजकूर कुणी वाचत नाही, सगळे फक्त गणपतीचं चित्र बघतात. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरवाल्यांची पंचाईत अशी की त्याला युनिकोडच कळत नाही. तिथं तपासून झाल्यावर मजकूर परत जुन्या फॉन्टमध्ये न्यावा लागतो आणि त्या प्रवासात पुन्हा चार अक्षरं सांडतात, म्हणून प्रूफ पुन्हा वाचायचं.

आकडे यातल्या कशातच येत नाहीत. आकडे असलेले शब्द वर्ड मुळात सोडूनच देतो, तशीच त्याची आधीपासूनची मांडणी आहे. इनामाची रक्कम, तारीख, वार कॅलेंडर समोर ठेवून जुळवायचे. तारखेला रविवार लिहिलाय आणि पडतोय सोमवारी, असं दर हंगामात एकदा तरी होतं. आणि मोबाइल नंबर मी वस्तादांना समोर बसवून, प्रूफावरचा बघून लावते. त्यांच्या खिशात हलगी वाजली, की मगच फाइल छपाईला जाते.